दुकानाचा डेटा: पहिल्या बिलापासून रद्दीपर्यंत, नवीन लोकांसाठी

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. पाणी उतरल्यावर आठवडाभर मी एकाच कामात होतो, बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानांतून भिजलेले कॉम्प्युटर उचलायचे आणि हार्डडिस्कमधून काय निघतंय का बघायचं. एका हार्डवेअरवाल्या अण्णांना विचारलं, बॅकअप आहे का? म्हणाले, "आहे की, रोज घेतोय, न चुकता." कुठाय? तर पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर उघडला तर आधी चिखल बाहेर आला.

तर हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांनी नवीन धंदा टाकलाय किंवा वडलांचा हातात घेतलाय, दोन-चार माणसं आहेत, टॅली किंवा तसलं काहीतरी हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे, आणि "डेटा मॅनेजमेंट" म्हणलं की आयटीवाल्यांचा विषय वाटतो. तसं काही नाहीये. माझे वडील जिल्हा परिषदेत क्लार्क होते, आणि यातलं निम्मं मी त्यांच्याकडून ऐकलेलंच आहे, त्यांनी आयुष्यात माउस धरला नाही ती गोष्ट वेगळी.

सरकारी ऑफिसात सहा गठ्ठा पद्धत असते, ऐकलं असेल. १९८० च्या दशकात नगरचे कलेक्टर अनिलकुमार लखीना यांनी कलेक्टर कचेरीतला कागदांचा पसारा शिस्तीत आणला, त्याला लखीना पॅटर्न म्हणतात, सहा गठ्ठ्यांचं नाव त्याच्याबरोबरच घेतात. चालू कामाचा एक गठ्ठा, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघणाऱ्या कागदांचा एक, ठराविक तारखेला पाठवायच्या रिपोर्टांचा एक, कायम लागणाऱ्या आदेशांचा एक, रेकॉर्डरूमला जायचा एक, आणि सहावा नष्ट करायचा. शिवाय प्रत्येक फाइलवर वर्ग लिहायचा, अ म्हणजे कायम ठेवायची, ब म्हणजे तीस वर्षं, मग क चे प्रकार, आणि ड म्हणजे वर्षभराने रद्दी. यातली खरी गंमत अशी की फाइल किती वर्षं जगणार हे ती बंद करतानाच तिच्यावर लिहिलं जातं, पुढं तीन क्लार्क बदलले तरी कुणाला डोकं खाजवावं लागत नाही. दुकानाच्या डेटाचंही हेच करायचंय, फक्त गठ्ठ्याच्या जागी फोल्डर.

पहिली पायरी: माहिती कुठंकुठं पडलीय ते शोधा

एक तास काढा, वही-पेन घ्या (हो, वहीच) आणि दुकानात फिरा. लोकांना वाटतं आपला डेटा म्हणजे टॅली. मग यादी सुरू झाली की टॅली, जीएसटी पोर्टल, बँकेचं नेटबँकिंग, मालकाचा जीमेल, मालकाचा व्हॉट्सअ‍ॅप, काउंटरवरच्या पोराचा व्हॉट्सअ‍ॅप, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), उधारीची वही, बिलबुकं, डिलिव्हरी चलनं, माल दिलेल्या सप्लायरच्या एक्सेल रेटलिस्टा, कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, आणि वर माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर ज्याला कुणी हात लावत नाही. प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिहा: यात काय आहे, हे कुणाच्या ताब्यात आहे, आणि उद्या हे गेलं तर किती दिवस दुकान अडेल.

काउंटरवरच्या पोराच्या व्हॉट्सअ‍ॅपपाशी थांबा जरा. निम्म्या दुकानांत गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, साइटचे पत्ते, "दादा तेवढंच परत पाठवा" सगळं त्या पोराच्या स्वतःच्या नंबरवर येतं. पोरगं काम सोडून गेलं की ते सगळं त्याच्या खिशातून जातं आणि त्यात त्याची काही चूकही नसते. दुकानाचं वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, आणि तो फोन दुकानातच राहील असं बघा.

दुसरी पायरी: वर्ग लावा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळे हीच टाळतात, म्हणून मी जरा लांबण लावतो.

अ वर्ग, कधीच फेकायचं नाही: भागीदारीचा करार, शॉप अ‍ॅक्ट, पॅन, जीएसटी नोंदणीचं सर्टिफिकेट, जागेचे कागद, कर्जाचे आणि कर्ज फिटल्याचे दाखले, ट्रेडमार्क असेल तर तो. कामगारांच्या पीएफचे कागदही मी यातच टाकतो, कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवा, माणूस रिटायर होताना वीस वर्षांनी येऊन विचारतो तेव्हा आपल्याकडं असलेलं बरं.

ब वर्ग, वस्तू आहे तोवर आणि वर थोडं: मशिनरी, गाडी, दुकानातलं फर्निचर यांची खरेदी बिलं. मशीन विकेपर्यंत त्याचा घसारा (दरवर्षी कमी होत जाणारी किंमत) हिशोबात चालू असतो, त्यामुळं वर्ष मोजून चालत नाही.

क वर्ग, कायद्याने ठरवलेली वर्षं. सगळा जीव इथंच आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाचे कागद त्या वर्षाच्या अ‍ॅन्युअल रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. लोक इथं चुकतात, ते आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा वर्षं मोजतात. २०२४-२५ चं उदाहरण घ्या, वर्ष संपलं मार्च २०२५ ला, त्याच्या अ‍ॅन्युअल रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर २०२५, तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३१. मार्चपासून मोजलं असतं तर नऊ महिने आधीच रद्दीवाला बोलावला असता. आणि त्या वर्षाची अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, किंवा ही ७२ महिन्यांची तारीख, यातलं जे नंतर येईल ते. रिटर्नच्या तारखा काही वर्षी सरकारने पुढं ढकलल्या होत्या, म्हणून मी सरळ पुढचा मार्च धरतो आणि फोल्डरच्या नावातच लिहितो, "२०२४-२५ जीएसटी, मार्च २०३२ नंतर बघा". प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मागची आठ आर्थिक वर्षं, तो हिशोब वेगळा. इन्कम टॅक्सचं तुमच्या सीएला विचारा, तोटा पुढं ओढलेला असेल, म्हणजे पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करायला ठेवला असेल, तर ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षाचे कागद तो वापरून संपेपर्यंत लागतात, आणि धंद्याचा तोटा आठ वर्षं ओढता येतो.

ड वर्ग, लवकर मरणारं: जुन्या रेटलिस्टा, कोटेशन जी झाली नाहीत, गुड मॉर्निंगचे फोटो, पेमेंटचे स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटवरून सांगतो, तो पुरावा म्हणून जपू नका, पैसे आले का हे बँक स्टेटमेंट सांगतं, स्क्रीनशॉट कुणीही बनवतो. वर्ष संपलं, हिशोब जुळला, की उडवा.

एक शंका हमखास येते की सगळं जीएसटी पोर्टलवर आहे की, मग आपण कशाला ठेवायचं. तर २०२४ मध्ये पोर्टलवर रिटर्नचा डेटा सात वर्षांपर्यंतच दिसेल असं जाहीर झालं, जुलै २०१७ चा दिसायचा बंदही झाला होता, मग लोकांनी ओरडा केल्यावर तात्पुरता परत आणला. दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं सामान आहे ते. दर महिन्याला रिटर्न भरलं की पीडीएफ आणि २बी ची (सप्लायरांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी) एक्सेल उतरवून घ्या, पाच मिनिटाचं काम आहे.

तिसरी पायरी: नावं

यावर फार बोलत नाही. फाइलचं नाव तारखेनं सुरू करा, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" हे बंद. वरच्या पातळीवर फोल्डर आर्थिक वर्षाचं, त्याच्या आत विक्री, खरेदी, बँक, टॅक्स, पगार. आणि "प्रतीक्षा" नावाचं एक वेगळं फोल्डर, ज्यात कुणाकडनं तरी उत्तर यायचंय तेवढंच, हे दर सोमवारी उघडायचं, माझा अनुभव आहे की अडकलेले पैसे बऱ्याचदा इथंच सापडतात.

थर्मल पेपरवरची बिलं, म्हणजे पेट्रोल पंपाची, टोलची, कार्ड मशीनची, ही काही महिन्यांत पांढरी होतात, आल्या दिवशी फोटो काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीत तरी उडणारच.

चौथी पायरी: चाव्या कुणाकडं

माझ्याकडं येणाऱ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त हा प्रकार असतो: जीएसटी पोर्टलचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो, तर तीन वर्षांपूर्वी अकाउंट बघायला येणाऱ्या पोराच्या, आणि तो आता दुबईला. आजच्या आज बघा. जीएसटी, इन्कम टॅक्स, ई-वे बिल, बँक, दुकानाचा जीमेल, सगळीकडं मोबाईल आणि ईमेल मालकाचा पाहिजे. अकाउंटंटला काम करायला लॉगिन द्या, घर देऊ नका.

टॅलीत सगळे एकाच अ‍ॅडमिन नावानं शिरतात ते बंद करून प्रत्येकाचा वेगळा युजर करा. जुनी एन्ट्री कुणी बदलली हे कळतं आणि उगाच एकमेकांवर संशय राहत नाही. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. दुकान प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या मालकाचं, असलं तरी ती सोय वापरायला कुणी नको म्हणलेलं नाही.

पासवर्ड कुठं लिहायचे? पासवर्ड मॅनेजर जमत असेल तर उत्तम. नसेल जमत तर एका कागदावर लिहून पाकिटात घालून घरच्या तिजोरीत. मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीपेक्षा तिजोरीतला कागद हजारपट बरा, यावर आयटीवाले मला शिव्या घालतील तर घालू देत. आणि त्या पाकिटाबद्दल घरात एका माणसाला माहीत पाहिजे, मालक अचानक आजारी पडला की बायकोला फोनचा पिनसुद्धा माहीत नसतो अशी घरं मी बघितलीत.

पाचवी पायरी: बॅकअप, म्हणजे खरा बॅकअप

नियम जुना आहे, ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुकानाच्या बाहेर. अण्णांकडं प्रती दोन होत्या पण दोन्ही एकाच पाण्यात.

आता प्रत्यक्षात काय करायचं. टॅलीप्राइममध्ये अल्ट आणि वाय दाबा, बॅकअप निवडा, कंपनी निवडा, जागा दाखवा. ती जागा सी ड्राइव्ह ठेवू नका, डिस्क गेली की दोन्ही गेलं. दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, त्यांच्यावर मार्करनं १ आणि २ लिहा. या आठवड्यात १ दुकानात, २ घरी. सोमवारी अदलाबदल. रोज संध्याकाळी गल्ला मोजायच्या आधी बॅकअप घ्यायचा आणि डिस्क काढून ठेवायची, ही ओळ नीट लक्षात ठेवा कारण लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नाही, ती कॉम्प्युटरचाच एक भाग झाली. तिसरी प्रत क्लाउडवर. आपलं दुकान कंपनी असेल तर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो, २०२२ पासूनचा नियम आहे, त्यामुळं क्लाउडवाल्याला सर्व्हर कुठाय हे विचारा.

डिस्क का काढायची? जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कॉम्प्युटर काही तासांत झोपले, आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरात त्यांच्या गटाचं टर्मिनल पण बंद पडलं. एवढी मोठी कंपनी, पण नेटवर्कमध्ये कोण कोण आहे याची जी मुख्य यादी असते तिच्या सगळ्या प्रती एकमेकांना जोडलेल्या, त्यामुळं सगळ्या एकदम गेल्या. वाचली फक्त एक, घानाच्या ऑफिसमधली, कारण नेमकी तेव्हा तिथली लाइट गेली होती आणि ते मशीन बंद होतं. महावितरणला आपण एरवी काय काय बोलतो, पण तत्त्व लक्षात घ्या, जे जोडलेलं नव्हतं ते वाचलं.

आणखी एक गैरसमज, "माझं सगळं ड्राइव्हला सिंक होतंय". सिंक म्हणजे आरसा आहे, तुम्ही इकडं फाइल डिलीट केली की तिकडंही डिलीट, इकडं व्हायरसनं कुलूप लावलं की तिकडंही कुलूप लागलेलीच फाइल जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. शिवाय फुकटचे १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून असतात आणि आता अँड्रॉइडच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरतात, त्यामुळं फॅमिली ग्रुपवरच्या व्हिडिओंनी जागा भरते आणि मग दुकानाच्या जीमेलवर मेल यायचंच बंद होतं. दुकानाचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा.

आणि रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणून, बघा. तीन महिन्यांतनं एकदा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर. चालू डेटाच्या फोल्डरवर अजिबात रिस्टोर करू नका, जुना बॅकअप नव्या डेटावर बसतो आणि मग रडायची वेळ येते, नवीन रिकामं फोल्डर करून त्यात करा. उघडला, मागच्या आठवड्यातलं एक बिल सापडलं, बास.

सहावी पायरी: जुनं झालेलं

वर्ष संपलं, ऑडिट झालं, रिटर्न भरलं की ते वर्ष रेकॉर्डरूमला पाठवायचं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, तिथं मोडी कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. प्रत्येक आर्थिक वर्षाचा आपला असाच एक रुमाल बांधा: टॅलीचा बॅकअप, त्याच वर्षाची सगळी खाती, विक्री-खरेदी रजिस्टर, ताळेबंद पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढलेली, रिटर्न, बँक स्टेटमेंट, आणि एक साधी टेक्स्ट फाइल ज्यात लिहायचं की आत काय आहे, कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या व्हर्जनमध्ये केलंय आणि कधी फेकायचं.

पीडीएफ कशाला, बॅकअप आहे की, असं वाटेल. माझ्याकडं एकांनी डॉसच्या काळातला फॉक्सप्रोमधला हिशोब आणला होता, फाइली धडधाकट, पण उघडणारा प्रोग्राम नाही आणि बनवणारा माणूस गावात नाही. कागद वाळवी खाते, फाइल सॉफ्टवेअर खातं.

डीव्हीआरचं वेगळं आहे, तो भरला की जुन्यावर नवीन लिहीत जातो, किती दिवसांचं राहतं ते कॅमेरे आणि डिस्कवर ठरतं, तुमचं किती आहे ते एकदा मागं जाऊन बघून ठेवा. चोरी किंवा भांडण झालं तर त्याच दिवशी क्लिप काढा. कोर्टात लागायची शक्यता असेल तर ती क्लिप मोबाईलनं स्क्रीनवरून शूट करू नका, डीव्हीआरमधूनच काढा आणि वकिलाला लगेच सांगा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारा आकडा, फाइल जरा बदलली तरी तो बदलतो) लिहावी लागते, म्हणजे नंतर कुणी छेडछाड केली नाही हे कळतं.

सातवी पायरी: फेकणं

ठेवण्यापेक्षा फेकणं अवघड असतं. आपल्याकडं "असू दे, कधीतरी लागेल" ही सवय, आणि वहीपूजन केलेली वही रद्दीत घालायला हात धजत नाही, तेही समजू शकतो. पण गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते, कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स हे दुसऱ्याचं सामान आहे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५ ला आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. काम संपलं की माणसाची माहिती पुसायची हे त्यात आहे (दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं असेल तेवढं सोडून), आणि नीट जपली नाही म्हणून दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो आकडा आपल्यासारख्यांसाठी नाही म्हणा, पण आधारची झेरॉक्स वडापाव बांधायला गेलेली मी बघितलीय. आधार घ्यायचंच असेल तर मास्क्ड घ्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

कागद असेल तर हातानं दोन तुकडे करून भागत नाही, श्रेडर घ्या. हार्डडिस्क विकायची किंवा द्यायची असेल तर विंडोजमध्ये फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटवरची टिक काढा, वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. टिक ठेवली तर फक्त अनुक्रमणिका पुसते, धडे तसेच. एसएसडीला (नव्या कॉम्प्युटरमधली चिपवाली डिस्क) हे पुरत नाही, ती आतल्या आत जागा बदलून लिहीत असते, तिच्या कंपनीचं सिक्युअर इरेजचं टूल वापरा. बंद पडलेली डिस्क असेल तर ड्रिलनं आरपार भोकं पाडा, आणि मग भंगारवाल्याऐवजी नोंदणी असलेल्या ई-वेस्टवाल्याकडं द्या. फोन देताना आधी खाती काढा, मग फॅक्टरी रीसेट.

फेकलं की एका वहीत नोंद करा: काय, कुठल्या वर्षाचं, कधी, कुणी, कसं. नोटीस आली तर "सापडत नाही" आणि "मुदत संपल्यावर अमुक तारखेला नष्ट केलं" यात फार फरक पडतो.

तारखांचं एवढं लक्षात ठेवा, रोज संध्याकाळी बॅकअप, सोमवारी डिस्कची अदलाबदल आणि प्रतीक्षा फोल्डर, महिन्याला रिटर्नच्या प्रती, तीन महिन्यांनी रिस्टोर, जानेवारीत मागच्या वर्षाचा रुमाल, एप्रिलमध्ये मुदत संपलेलं बाहेर. आणि नदीकाठी असाल तर मे संपायच्या आत कॉम्प्युटरचं टेबल, डीव्हीआर, अ वर्गाची पेटी वरच्या मजल्यावर.

अण्णांची एक डिस्क आता मुलीकडं सांगलीतच विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर असते, दर सोमवारी नातू स्कूटरवरून बदलून आणतो. २०११ ची बिलबुकं मात्र अजून माळ्यावर आहेत, पुरातही भिजली नाहीत म्हणून ती लकी आहेत असं त्यांचं म्हणणं, मी फेकायचा विषय दोनदा काढला आणि दोन्ही वेळा चहा आला.